लाईन तुटली की

ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणत. कपाटाएवढा कॉम्प्युटर सांभाळणारा, चाळिशी उलटलेला, लग्नाचं राहून गेलेला माणूस. थोरल्या भावाच्या घरी राहायचे. वहिनी म्हणायच्या, भावजींचं त्या मशीनशीच लग्न लागलंय, आमची जाऊबाई एसीत बसून नुसती घरघरते.

रोज संध्याकाळी दूरच्या डेपोतून दिवसभराच्या औषधविक्रीची माहिती फोनच्या तारेवरून या कॉम्प्युटरवर यायची. दोन्ही टोकांना मोडेम. डेपोत फोनची लाईन एकच, त्यामुळे मोडेम बोलत असताना माणसांनी गप्प बसायचं. पण लाईन मध्येच तुटली की तिथल्या स्टोअरकीपर बाई फोन करायच्या, "अहो, पुन्हा तुटली." भाऊ म्हणायचे, बघतो. मग डेपोतली मांजर, बाईंची पाठदुखी, भाऊंचा थंडगार डबा, असे चार शब्द व्हायचे. सगळं जग भाऊ म्हणायचं आणि या तेवढ्या अहो म्हणायच्या, हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही.

लाईन का तुटते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी हौसेने नवे मोडेम घेतले होते आणि वेग ९६०० ठेवायला सांगितला होता. डेपोकडची तार जुनी, खरखरणारी; तिला तो झेपत नव्हता. वेग निम्मा केला असता तर माहिती सावकाश, पण एका दमात आली असती. चुटकीसरशी होणारं काम भाऊ रोज उद्यावर ढकलत होते. साहेबांना विचारायला हवं, ही सबब. खरं म्हणजे त्यांना त्या फोनची सवय लागली होती. स्वतःचीच लाज वाटायची, पण सवय सुटत नव्हती.

एकदा लाईन लागोपाठ तुटत राहिली तेव्हा बाईंचा आवाज बारीक झाला. माहिती पूर्ण पोचल्याशिवाय त्यांना डेपोतून निघता येत नव्हतं, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. जवळ बसणारी शेजारीण दिवेलागणीला आपल्या घरी जाते, मग म्हातारी दाराकडे डोळे लावून एकटीच पडून असते.

"तुमचा काय दोष?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर किती धडपडता."

भाऊंच्या काळजात चर्र झालं. डेपोच्या मोडेमवर वेग कसा कमी करायचा ते त्यांनी बाईंना तिथल्या तिथे सांगितलं. फोन ठेवून कॉम्प्युटरवर लाईन बंद केली, ९६०० च्या जागी ४८०० घातले आणि लाईन पुन्हा चालू केली. मोडेमने शीळ घातली आणि माहिती शेवटच्या ओळीपर्यंत आली. त्यानंतर फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं ते भाऊंनी ठरवून ठेवलं होतं. साहेबांनी विचारलंच नाही. घरी भाऊ ताटात बोटं फिरवत बसायचे. जाऊबाईंशी भांडण झालं का, असं वहिनींनी चेष्टेत विचारलं आणि त्यांचा चेहरा बघून पुढचं गिळलं.

मग एका संध्याकाळी सगळी माहिती येऊन गेल्यावर भाऊ डबा पिशवीत घालून निघाले, आणि फोन वाजला. त्यांनी वळून रिसीव्हर उचलला.

"तुटली का?"

"नाही हो. मी घरून बोलतेय. आईला चहा दिला. लवकर यायला लागलेय म्हणून खूश आहे ती. पण मला डेपोत चुकल्याचुकल्यासारखं होतं. काही तुटलेलं नसताना फोन केला तर चालेल ना?"

बघतो, हा शब्द सवयीने जिभेवर आला होता. भाऊंनी तो मागे सारला.

"चालेल," ते म्हणाले, आणि डब्याची पिशवी पुन्हा टेबलावर ठेवून बसले.