बॉनेट उघडून बसलेले आप्पा

माझे सासरे प्रवासाला निघताना पोचण्याची तयारी करत नसत. ते बंद पडण्याची तयारी करत. पोचणं गाडीच्या मनावर आहे, त्यात आपण लक्ष घालू नये, असं त्यांचं मत होतं. बंद पडणं मात्र नीट पार पाडायचं असे.

सगळे त्यांना आप्पा म्हणत. केंदूरला शेती, कांदा आणि थोडी फुलं. एका साखर कारखान्याच्या लिलावात त्यांनी पांढरी ॲम्बॅसडर घेतली होती, आणि घेतली तेव्हाही ती नवी नव्हती. पुढे रस्त्यावरच्या बाकीच्या ॲम्बॅसडर एकेक करून नाहीशा झाल्या आणि आमच्या जुन्या गाडीची आपोआप दुर्मिळ गाडी झाली. शिरूरच्या बाजारात लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढत. आप्पा म्हणत, "फोटू काढा, पर टेकू नका." डावीकडचं दार टेकलं की उघडायचं.

निघण्याच्या आदल्या दिवशी अंगणात गोणपाट अंथरून सामान मांडलं जाई. रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन, जादा फॅनबेल्ट, पॉलिशपेपर, चाकामागे लावायला विटा, आणि उन्हात इंजिन तापून पेट्रोल चढेनासं झालं की इंजिनातल्या पंपावर टाकायला ओलं फडकं. इथपर्यंत कुणीही करेल. त्यानंतर सतरंजी, भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, पत्त्यांचा कॅट आणि कांद्याची पिशवी. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, कांदे कुणाला.

"ज्याच्या दारात बंद पडंल त्याला. रिकाम्या हातानं पाणी मागायचं न्हाई."

"कुणाच्या दारात?"

"ते गाडी ठरवंल."

गाडीनं बरीच घरं ठरवली. न्हावऱ्यापासून केडगावपर्यंत आमची जी माणसं आहेत ती सोयरीक करून झालेली नाहीत, बिघाड होऊन झालेली आहेत. घरच्या कार्यात जेवणाच्या पंगतीत अनोळखी कुटुंब दिसलं की मी नवऱ्याला विचारायचे, हे कोण. तो म्हणायचा, "फॅनबेल्टवाले." रेडिएटरवाले वेगळे, आणि पारगावच्या एक मावशी होत्या त्या पंक्चरच्या. त्या दरवर्षी कुरडया पाठवत.

एक सांगायला हवं. आप्पांना गाडी दुरुस्त करता येत नसे. पाणी घालणं, पट्टा बदलणं, प्लग घासणं, एवढंच. ते जमलं नाही तर बॉनेट उघडं ठेवून ते सतरंजीवर बसत आणि भाकरी सोडत. "चांगली गाडी रस्त्याकडंला लावून बसलं की लोक इचारत्यात," ते म्हणत, "आन् बॉनेट उघडून बसलं की सांगत्यात." ते खरंच होतं. ट्रॅक्टरवाले, दूधवाले, ऊसतोडीवाले, सगळे थांबून सांगत. त्यांच्या सांगण्यातून आप्पा माणूस ओळखत. ओळखीची त्यांच्याकडे दुसरी रीत नव्हती.

माझ्या मुलीच्या, केतकीच्या बाबतीत हीच रीत आडवी आली. पहिलं स्थळ चांगलं होतं. बघण्याचा कार्यक्रम करून आम्ही परत येताना भांडगावच्या अलीकडे गाडी बसली. मागून तेच लोक त्यांच्या मोठ्या गाडीतून आले. आम्हाला ओळखलं, काच खाली केली, हसून हात हलवला आणि गेले. घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "चांगली मान्सं हायेत. हात हलवला त्यांनी. पर पोरगी द्यायची न्हाई." नवऱ्यानं बराच वाद घातला. केतकीनं घातला नाही. तिनं तेव्हाच जाहीर केलं, की यापुढे कुणीही असो, आप्पा हो म्हणाले तरच.

मग तुषार आला. कारेगावला ती ज्या कारखान्यात आहे, तिथेच तो इंजिनिअर. दोघांनी आपसात ठरवलेलं होतं. घरच्यांची भेट व्हायची होती. दौंडला त्यांच्या घरी बैठक ठरली. केतकी वरवर शांत होती, पण निघताना माझ्या कानाशी आली. "आई, गाडी बंद पडली तर तुषारच्या घरच्यांना राग येऊ देऊ नकोस." मी म्हटलं, माझ्या हातात काय आहे.

बाकीची मंडळी भाड्याच्या गाडीनं मागून, दुसऱ्या रस्त्यानं येणार होती. ॲम्बॅसडरमधून आप्पा आणि मी. त्यांच्याबरोबर कुणीतरी लागतं आणि ते कुणीतरी नेहमी मीच असते. शिरूरमधलं खतं-बियाण्यांचं दुकान बंद ठेवून मी पहाटेच तयार झाले, कारण आप्पांनी बंद पडण्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवला होता.

त्या दिवशी गाडी बंद पडली नाही. न्हावरं गेलं, पारगावचा पूल गेला, चौफुला गेला. आप्पा अस्वस्थ व्हायला लागले. दौंड दिसू लागलं तेव्हा बैठकीला कितीतरी अवकाश होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पोरीकडचे आत्ताच जाऊन दारात हुभे राह्यले तर जल्मभर ऐकावं लागंल." त्यांनी गावाबाहेर एका कडुलिंबाखाली गाडी घेतली, विटा लावल्या, बॉनेट उघडलं, सतरंजी टाकली. धडधाकट गाडीचं बॉनेट उघडून बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मला भाकरी दिली.

थोड्या वेळानं मोटारसायकलवरून एक जण आला. हँडलला मिठाईचे पुडे टांगलेले. केतकीच्या फोनमध्ये मी फोटो पाहिला होता, तुषारच होता. त्यानं आम्हाला कधी पाहिलं नव्हतं, आणि केतकीनं धास्तीनं त्याला आमच्या गाडीबद्दल सांगितलेलं नव्हतं. मी आप्पांना हळूच सांगितलं.

"गप ऱ्हा," आप्पा म्हणाले. "भाकर खा."

तुषार थांबला. "काय झालं आजोबा?"

"बघ बाबा," आप्पा म्हणाले. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

त्यानं मिठाई सावलीत ठेवली आणि बाह्या वर केल्या. गाडी चालू करून बघू का, एवढं त्यानं विचारलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण तो इंजिनिअर, आधी तपासणी. प्लगच्या चारही वायरी त्यानं काढल्या, पुसल्या आणि लावल्या. मग आप्पांना म्हणाला, "मारा स्टार्टर." गाडीनं मोठा आवाज काढला, धूर सोडला आणि गप्प झाली. झाडावरची पाखरं उडाली. आता आमची गाडी खरोखर बंद पडली होती.

तुषारनं वाकून एकेका वायरीचा बोटानं माग काढला. मग आप्पांसमोर येऊन उभा राहिला.

"आजोबा, माझ्याकडनं वायरींची अदलाबदल झाली. कुठली कुठं होती ते बघून ठेवायला पाहिजे होतं. मूळचा बिघाड काय होता माहीत नाही, पण आत्ताचा माझा आहे. तो काढल्याशिवाय मी जात नाही."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी खात होते.

तो वायरी बदलून बदलून लावत बसला. मध्ये त्याचा फोन वाजला. "आई, येतोय. एका आजोबांची गाडी बिघडलीय… अगं, पाहुणे यायचेत ते कळतंय मला… नाही, टाकून कसा येऊ, मीच बिघडवलीय." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. त्यानं फोन खिशात ठेवला. तो काळा झालेला हात त्यानं नव्या शर्टाला पुसला, तेव्हा मी मान दुसरीकडे वळवली.

बैठकीची वेळ उलटून गेल्यावर गाडी सुरू झाली. आप्पांनी त्याला कांद्याची पिशवी दिली. तो नको म्हणत होता.

"घे. रीत हाय. आमालाबी जायचंय आता, पाव्हणे वाट बघत असतील."

"कुणाकडं जायचंय?"

आप्पांनी त्याच्याच वडिलांचं नाव सांगितलं. तुषार पिशवी धरून उभा राहिला. त्याला घामही फुटला असेल, पण तेलामुळे कळत नव्हतं.

"चल," आप्पा म्हणाले, "म्होरं हो, रस्ता दाव."

आम्ही पोचलो तेव्हा बाकीची मंडळी चहा पिऊन बसली होती. माझा नवरा म्हणाला, "पडली ना बंद?"

"पडली," आप्पा म्हणाले, आणि केतकीकडे बघून होकाराची मान डोलावली. देणंघेणं, तारीख वगैरे ठरवायला मग फार वेळ लागला नाही.

गेल्या वर्षी आप्पांची नजर कमी झाली आणि त्यांनी स्वतःहून किल्ली खाली ठेवली. गाडी तुषारला द्यायची म्हणाले. नवरा थोडा दुखावला. मी नंतर एकटीनं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "त्यानं मोडली, तोंडावर सांगितलं, आन् जोडली. मी निस्तं बॉनेट उघडलं हुतं. आन् ते अजून सांगितलं न्हाई." सांगून टाका की, मी म्हटलं. "नगं. हुडकायचं काम चाललंय त्याचं."

थंडी संपता संपता ते गेले. दहाव्याला फॅनबेल्टवाले, रेडिएटरवाले आले. पारगावच्या मावशींना मुलानं धरून आणलं. आमचे खरे नातेवाईक त्यांच्या मागे उभे होते.

गाडी आता दौंडला असते. तुषारराव कारखान्याच्या कागदांपलीकडे काही वाचत नाहीत, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. दर रविवारी ते बॉनेट उघडतात. कार्ब्युरेटर साफ झाला, पंप बदलला, सगळ्या वायरी नव्या घातल्या आणि प्रत्येकीवर नंबर लिहिला. केतकी सतरंजी टाकून शेजारी बसते. जाणारे-येणारे थांबून सांगतात.

परवा मी गेले होते. त्यांनी इंजिनातून डोकं बाहेर काढलं आणि नेहमीचं विचारलं, "मामी, तुम्ही तिथंच होता. त्या दिवशी गाडी मुळात कशानं बंद पडली होती?"

मी कांद्याची पिशवी ओट्यावर ठेवली.

"तपासत राहा, तुषारराव," मी म्हटलं.