हेल्मेटच्या ठरावावर शुक्री

उधव्याच्या नाक्यावर पंक्चरची टपरी चालवणारी शुक्री धोडी तोंडाने फटकळ आणि हाताने पक्की. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, संपलं दुकान. हिने दिवसकार्य उरकलं आणि हातात पाना घेतला. पाड्यापाड्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सरकारी सायकली मिळाल्या, त्या झाडून सगळ्या सायकलींची चाकं हिच्या हाताखालून गेलेली. चेन बसवताना ती मुलींना अभ्यासाचं विचारायची, जणू शाळा तपासायला आलेली साहेबीण हीच.

म्हणून ग्रामसभेत ठराव आला तेव्हा ती भडकली. हेल्मेट नसेल त्या मुलाला सायकलसकट शाळेच्या फाटकावरून परत पाठवायचं, आणि सगळ्या मुलांसाठी तसा कायदाच करा म्हणून वर सरकारला लिहायचं. तिची नात सुकी नववीत, शाळा सहा किलोमीटर लांब. चार दिवस परत आलेली पोर पाचव्या दिवशी चिकूच्या वाडीत मजुरीला जाते, हे शुक्रीने पाहिलं होतं. सुकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवूनच ती आली होती.

"बापांची हेल्मेटं गाडीच्या आरशाला लटकलेली," ती उभी राहून म्हणाली. "हायवेला पोलीस दिसला तरच डोक्यावर चढतात. आणि कायदा पोरींना? सांगा ना सर!"

सभा खो खो हसली. ठराव मांडणारे दर्शन सरही हसले. शुक्रीने बाजी मारलीच होती, तेवढ्यात मागून सुकी उठली.

"आजी, होऊ दे कायदा. मी पडले होते गेल्या वर्षी, उताराच्या खडीवर. डोकं फुटलं. वर्गातल्या शितलच्या आईने हळद भरली."

"मला का नाय सांगितलं?"

"तू सायकल बंद केली असतीस."

शुक्रीने सगळ्यांदेखत नातीचे केस बाजूला केले. कानामागे बोटभर व्रण होता. वर्षभर सुकी आपली वेणी आपणच घालत होती, आणि पोर शहाणी झाली म्हणून शुक्री शेजारणींना कौतुकाने सांगत होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती खाली बसली नाही.

"लिहा सर ठराव. पण पोरीला आत घ्यायची. हेल्मेट का नाय ते घरच्यांना विचारायचं, नोटीस त्यांना काढायची." तिने सुकीचा हात धरला. "पहिली माझ्या नावाने काढा."