डाव्या बाजूचं घमेलं

बोरकुटे डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याच गाडीच्या बोनेटमध्ये डोकं घालून त्यांच्यावर चिडलेलो होतो. आदल्या दिवशी गाडी माझ्या गॅरेजमध्ये सोडताना ते म्हणाले होते, “सलीम, ब्रेक पाहून घे. परवा मार्कंड्याकडची फेरी हाये.” मी म्हटलं, “आधी गाडीतला मासोळीचा वास पाहा.” ते हसले आणि पायीच घरी निघाले... झोपेतच गेले, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, फोनवर सांगितलं. आता महिना होत आला. जो तो भेटतो आणि डॉक्टर देवमाणूस होते म्हणतो. असतील! पण त्या देवमाणसानं माझ्याइतकं कुणाला छळलं नसेल, हेही कुणीतरी लिहायला पाहिजे, म्हणून हा लेख.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी घरी बसवेना. चंद्रपूरहून निघायचं, मूल गाव ओलांडायचं, चामोर्शी-मार्कंड्याच्या पुढे जंगलातल्या गावांत फिरायचं, गाई-म्हशी तपासायच्या. या फेरीसाठी त्यांनी नागपूरहून एक जुनी गाडी घेतली, आणि तीही कंप्युटरवाली. तोवर आमच्याकडच्या गाड्या पाना आणि कान यांच्या भरवशावर दुरुस्त व्हायच्या. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे या गाडीत एक पत्र्याचा डबा ठरवायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, “डॉक्टर, जंगलात जायले साधी जीप घ्या ना.” ऐकतील तर शपथ.

वर्षभरात गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. चालता चालता मध्येच गप्प व्हायची. उन्हात उभी राहिली की आपोआप चालू. माझ्याकडे आली की काहीच झालं नसल्यासारखी. मी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, सेन्सर बदलला, वायरिंग पार नखानं खरवडून पाहिलं. डॉक्टर खुर्चीवर बसून चहा पीत विचारायचे, “काऊन रे, सापडलं का?” जनावर पोटाला हात लावून तपासणाऱ्या माणसाला कसं सांगू, की तुमची गाडी दवाखान्यात आली की तिचा ताप उतरतो!

मग ती म्हैस मेली. जंगलातल्या एका गावात सोमा मडावी नावाचा माणूस, त्याची एकच म्हैस, आणि रेडकू पोटात अडकलेलं. निरोप मिळताच डॉक्टर निघाले, आणि रस्त्यातच गाडी बंद. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेले, पण उशीर झाला. म्हैसही गेली, रेडकूही. परतताना सोमानं त्यांच्या हातात मोहफुलांची टोपली दिली. घरी आल्यावर डॉक्टर जेवले नाहीत. वहिनींनी मला बोलावून सरळ सांगितलं, “सलीमभाऊ, हे असे एकटे जंगलात अडकतात, मले धडकी भरते. आता गाडी अजून एकदा बंद पडली की फेरी बंद. मी तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं हाये.” डॉक्टर भिंतीकडे पाहत बसले होते. त्यांची फेरी बंद म्हणजे त्यांचं काय होणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला तर रागच आला, कारण आता सगळं माझ्या डोक्यावर आलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी ते फेरीवरून घरी न जाता थेट गॅरेजला आले. मी डावं दार उघडलं, तर उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग गालिच्याखाली शिरत होती. गालिचा उचलला. खाली तोच पत्र्याचा डबा, मोहफुलांच्या चिकट पाण्यात बसलेला! इंजिन चालू ठेवून डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टिचकी मारली, इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा टिचकी, पुन्हा बंद. डबा उघडला तर आत सगळीकडे हिरवा गंज. महिनोन्‌महिने मी इंजिन खोलत होतो आणि हा माणूस कंप्युटरला मोह पाजत होता!

“डॉक्टर, इथं काय काय ठेवता?”

“लोकं देतात ते,” ते म्हणाले. “मोहफुलं, वास्ते, मासोळी.” वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तेही पाण्यातून काढलेले.

मी कपाळावर हात मारला. डबा दुरुस्त होण्यासारखा राहिला नव्हता. नागपूरच्या भंगार बाजारातल्या एकानं “सेम टू सेम” म्हणून दुसरा पाठवला, त्यानं गाडी साधा आवाजही काढेना. डब्यावरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. मग स्वतः गेलो, भंगारात बसून नंबर जुळणारा शोधला, आणून लावला. चावी फिरवताच इंजिन असं एकसुरात चालायला लागलं की डॉक्टरांनी मला मिठीच मारली. मी अट घातली, डाव्या बाजूला काही ठेवायचं नाही. “नाई ठेवत,” म्हणाले.

पुढच्याच फेरीवरून आले, तर डाव्या बाजूला मासोळीची ओली पिशवी.

मी अक्षरशः ओरडलो. “मागच्या सीटवर ठेवा ना!”

“मागं माणसं बसवतो.”

“डिक्कीत?”

“पेटी हाये, दोर हायेत.”

“मग नाई म्हना त्याईले! तोंड नाई का तुमाले?”

डॉक्टरांनी पिशवी उचलून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, “ज्याची म्हैस मी वाचवली नाई, त्यानं आनून दिलं सलीम. त्याले नाई कसं म्हनू?”

आता या माणसाशी कोण भांडणार? वैतागत मी डबा तिथून काढला, जेवढी वायर पुरली तेवढा वर, डॅशबोर्डच्या आत घट्ट बसवला. आणि पायाशी एक प्लास्टिकचं घमेलं ठेवलं. म्हटलं, “जे काय घ्याल ते यात. एक थेंब बाहेर सांडला तर गाडीले हात लावनार नाई.” डॉक्टर लहान मुलासारखे खूश झाले. त्यानंतर गाडी कधी बंद पडली नाही, आणि वहिनींनाही फेरी बंद करायला निमित्त मिळालं नाही.

डॉक्टर गेल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, “काका, गाडी विकून टाका.” चामोर्शीचं गिऱ्हाईक मिळालं, म्हणून परवा मीच गाडी घेऊन निघालो. मार्कंड्याकडे रस्ता फुटतो तिथे एका म्हाताऱ्यानं हात दाखवला. थांबलो. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. सवयीनं डावं दार उघडलं, वाकला, पळसाच्या पानात बांधलेली मोहफुलं घमेल्यात ठेवली. मग वर पाहिलं.

“डाक्टर कुठी हायेत?”

मी सांगितलं. तो दाराला धरून खालीच बसला. मग घमेल्याकडे पाहत म्हणाला, “मी सोमा मडावी. तुमी सलीमभाऊ का?”

“तुमी कसं वळखलं?”

“डाक्टरच सांगत आमाले साऱ्यायले. घमेल्यातच ठेवा, खाली सांडू नका, सलीमभाऊ लय चिडते.”

म्हणजे सगळ्या जंगलात माझी ही कीर्ती करून ठेवली होती त्यांनी! मी पुडी उचलून त्याला परत देऊ लागलो. त्यानं माझा हात मागे सारला. “राहू द्या. त्याईच्यासाठीच आनलं व्हतं.”

मी चामोर्शीला गेलोच नाही. गाडी वळवली आणि चंद्रपूरला आणून गॅरेजमध्ये उभी केली. गिऱ्हाईक फोन करून राहिलंय, मी उचलत नाही. पुडी घमेल्यात तशीच आहे. काल पाहिलं, तर डाव्या दारावरून मुंग्यांची रांग आत निघालेली. झाडू घेतला आणि रिकाम्या सीटवर जोरात ओरडलो, “डॉक्टर, इथं काई ठेवू नका म्हनलं होतं ना!” बाजूच्या दुकानातले लोक पाहायला आले... मी झाडू ठेवून दिला आणि दार लावून घेतलं.