अकोल्याला निघालेल्या वीस कुरडया

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवरच्या कुरडया सोडवणं. प्लास्टिकवर वाळलेली कुरडई चिकटून बसते. तिच्या पोटाखाली बोट घालून हळूच उचलावी लागते. ते बायको करायची. माझं काम एवढंच, की तिनं उचललेली परातीत ठेवायची अन् तोंडात टाकायची नाही. तरी मी एक टाकली. तिनं हातावर चापट मारली.

"लाज नाई वाटत? पोरीच्या वाटणीतली हाये ते."

"एकवीस होत्या, आता वीस झाल्या. मोजाले सोप्या."

"चौथीच्या मास्तरानं तुमाले एवढंच शिकोलं का?"

मी चौथीपर्यंतच शिकलो. पाचवीची शाळा दर्यापूरला होती अन् आमच्या बैलांना मी गावातच लागत होतो. पण ती चिडली होती ती एका कुरडईसाठी नाही. राग गेल्या वर्षीचा होता. गेल्या वर्षी मीच अकोल्याला पोरीकडे कुरडया घेऊन गेलो होतो. थैलीत खाली कुरडया, वर पाच किलो कांदे. पोचवल्या अन् परत आलो. दोन दिवसांनी पोरीचा फोन आला, "आई, शेवया मस्त होत्या वं. यायनं खीर केली. जराशी खारट झाली, पण खाल्ली सगळ्यायनं."

तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, चीक शिजवायचा, दुखऱ्या खांद्यानं सोऱ्या दाबायचा, अन् त्याची जावयानं दूध घालून खीर करायची! बायको वर्षभर हे विसरली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायची, "काहून, खीर खाऊन आले काय?"

त्या दिवशी गच्चीवर ती म्हणाली, "या साली एकबी फुटली, तं मी तुमाले जेवाले देणार नाई. सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली अन् गेली. माणूस मेलं म्हणू नये, वारलं म्हणावं, असं लोक सांगतात. काहीही म्हणा, चहा मलाच करावा लागतो.

आमच्या वाटणीच्या कुरडया चौदवीच्या, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या, पंगतीत गेल्या. कोणी तळल्या, कोणी खाल्ल्या, मला ठाऊक नाही. पोर रडत आली अन् रडतच जीपमध्ये माणसांवर माणसं बसली तशी बसून परत गेली. त्या गर्दीत चुराच झाला असता, म्हणून तिच्या वाटणीच्या वीस तेवढ्या डब्यात राहिल्या. बायकोच्या हातच्या जगात आता तेवढ्याच. त्या अख्ख्या अकोल्याला पोचवायच्या, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. दुसरं काही बसतच नव्हतं.

मी जन्मभर पुड्या फोडल्या अन् फेकल्या. पुडीकडे पाहायचं असतं हे माहीतच नव्हतं. आता पाहायला लागलो. माझ्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी घ्या. एकेका गोळीला स्वतंत्र खोली. आम्ही चार भाऊ एका खोलीत वाढलो, अन् ही गोळी पाहा, हिला शेजारीणसुद्धा हात लावू शकत नाही! टूथपेस्टची नळी आधीच बंद, तरी तिला वरून खोका. तांदळाची पिशवी अशी शिवलेली, की बरोबर दोरा सापडला तर सर्रकन उघडते, नाही तर विळा आणा. हे कोणीतरी बसून विचार करून केलेलं असतं. त्या माणसाला घरचे म्हणत असतील, हा दिवसभर काय करून राहिला? मला तो माणूस एकदम जवळचा वाटू लागला.

दुकानातून मी दहा कुरडया आणल्या, प्रयोगासाठी. बायकोच्या कुरडईवर प्रयोग करायची छाती नव्हती.

पहिला प्रयोग चिप्सच्या पाकिटाचा. आजवर मी म्हणायचो, हे लोक हवा विकतात. आता कळलं, हवा म्हणजे गादी आहे. मी पॉलिथिनच्या पिशवीत दोन कुरडया टाकल्या, तोंडानं फुंकून पिशवी फुगवली अन् गाठ मारली. चेंडूसारखी उडवून पाहिली, काही झालं नाही. मी खूश. सकाळी पाहतो तर पिशवीला आतून घाम अन् कुरडया गोगलगाईसारख्या मऊ. तोंडाच्या हवेत ओल असते, हे सत्तरीनंतर कळलं.

दुसरा प्रयोग घरच्या कापसाचा. वऱ्हाडातला माणूस मऊ कशाला म्हणेल तर कापसालाच. कुरडया कापसात ठेवल्या अन् काळीपिवळी जीपमध्ये बसून तीनदा दर्यापूरला जाऊन आलो. फुटली एकही नाही, पण प्रत्येक कुरडईला दाढी आली. एक दाढी उपटायला अर्धा तास, अन् उपटताना कुरडई मोडली.

तिसऱ्या प्रयोगासाठी अमरावतीला गेलो. तिथं खोके-बिके विकणारं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "क्या पॅक करना है चाचा?"

"कुरडई."

"एक्स्पोर्ट?"

"अकोला."

त्यानं मला फुग्याफुग्याचा प्लास्टिकचा कागद दिला. चांगला मीटरभर. परतीच्या बसमध्ये एक फुगा दाबून पाहिला. टप्प. बरं वाटलं. दुसरा दाबला. शेजारी एक मास्तरासारखा माणूस होता, तो माझ्याकडे रागानं पाहत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "इकडचं टोक द्या बरं मले." दर्यापूर आलं तेव्हा मीटरभर कागदात एक फुगा शिल्लक नव्हता. महिनाभरात मला पहिल्यांदा हसू आलं होतं, तेही कुरडईसाठी घेतलेला कागद वाया घालवून.

कापसाच्या त्या तीन चकरांत काळीपिवळीचा ड्रायव्हर वैतागला होता. "बुवा, दर्यापुरात तुमी उतरतच नाई. जाता अन् येता. काय पहारा करून राहिले?"

"कुरडई फिरवून राहिलो."

त्यानं पुढं विचारलं नाही. मागच्या सीटवरच्या बाईला हळूच म्हणाला, "बायको गेली ना त्यायची."

मार्ग सापडला तो शेजारच्या सुनेच्या दारात. तिचा नवा मिक्सर आला होता. खोका उघडला अन् पांढऱ्या शुभ्र दाण्यांचा ढीग बाहेर पडला. मला वाटलं, वा, मिक्सरसोबत मुरमुरे फुकट. चार उचलून तोंडात टाकले.

"बाबाजी! थर्माकोल हाये ते!" ती ओरडली.

"तरीच मीठ नाई," मी म्हटलं अन् थुंकलो. पण थुंकताना डोक्यात उजेड पडला. त्यांनी मुरमुऱ्यासारखा थर्माकोल केला, तर आपण थर्माकोलच्या जागी मुरमुरे का घालू नये? हलके, कोरडे, दाढी येत नाही, अन् पोचल्यावर चिवडा होतो.

भांड्याचाही विचार केला. दुकानच्या उरलेल्या कुरडया खोक्यात घालून हलवल्या, तर कोपऱ्यातली आधी फुटली होती. अंडं पाहा, संत्रं पाहा, बोंड पाहा. नाजूक मालाला देवानं कुठं कोपरा ठेवला आहे का? म्हणून रुंद तोंडाचं कोरं मडकं आणलं. खाली मुरमुरे, वर चार कुरडया, पुन्हा मुरमुरे, पुन्हा चार. पाच थरांत वीस बसल्या. तोंडाला बांधायला कपडा हवा होता. चौदवीला पाहुण्यांनी दिलेले पांढरे दुपट्टे घरात पडले होते, त्यातला एक गुंडाळून वर पक्की गाठ मारली. चारी बाजूंनी न्याहाळलं. मिक्सरचा खोका भरणाऱ्याला सांगावं, ये पाहायला, असं वाटलं.

दर्यापूरला अकोल्याच्या बसमध्ये चढलो तर कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, अन् पुढच्या सीटवरच्या दोन पोट्ट्यांना उठवलं. "उठा रे. बुवाले बसू द्या." मला नवल वाटलं. एरवी मला कोणी उभं राहायलाही जागा देत नाही. गर्दीतला कोणी अंगावर आला की बाकीचेच त्याला ओढत, "अरे दिसत नाई काय, काय हाये हातात?" मी म्हटलं, वा, कुरडईची कदर असलेली बस भेटली.

बाजूला एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "कोन गेलं बापू?"

"बायको."

"कदी?"

"महिना झाला."

तिनं चप्पल काढली अन् मडक्याला हात जोडले.

तेव्हा मला उमगलं. बायकोसाठी भादरलेलं अन् नुकतेच खुंट फुटलेलं माझं डोकं, मांडीवर मडकं, त्यावर पांढरं कापड. गाडीभर लोकांना वाटत होतं मी अस्थी घेऊन निघालो. एवढ्या पुड्या न्याहाळल्या, पण वरचं कापड पाहून लोक आतलं ओळखतात, ही साधी गोष्ट माझ्या मडक्याला लावून पाहायची राहिली होती.

आता खरं सांगायचं तर मी गप्प बसलो. कारण कंडक्टर ड्रायव्हरच्या कानात काही बोलला होता, अन् गाडी ब्रेकरवरून अशी उतरत होती की जणू गाभण गाय. पोचायच्या तर अशाच पोचणार होत्या. पाप लागेल तर लागेल. बायकोनं जेवण बंद करण्यापेक्षा ते बरं, असं मनात आलं, अन् मग लक्षात आलं की बंद तर कधीचंच झालं आहे. मी खिडकीकडे तोंड केलं. म्हातारीला वाटलं मी रडतो. तिचं बरोबर होतं.

मग रस्त्यात बकऱ्या आडव्या आल्या. ब्रेक लागला, मी मडक्याला पोटाशी धरलं, पण गाठ सैल झाली अन् म्हातारीच्या मांडीवर मूठभर मुरमुरे सांडले.

म्हातारी मुरमुऱ्यांकडे पाहत राहिली. एक उचलला. वास घेतला.

"बापू," ती म्हणाली, "तुही बायको होती तरी कशाची?"

कंडक्टर धावत आला. मला सांगावंच लागलं, सगळं, शेवयांच्या खिरीपासून. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, अन् सगळी गाडी हसत सुटली.

"काहो बुवा," कंडक्टर म्हणाला, "मी इकडं ड्रायव्हरले शपथ घालून राहिलो, अन् तुमी कुरडया घेऊन बसले! टाइम किती गेला माहा!"

"मंग आता पळव म्हना त्याले," मी म्हटलं. मला लाज वाटत होती.

ड्रायव्हर आरशातून मागं पाहत होता. म्हणाला, "पळवतो कायले? माही माय होती तोपर्यंत माह्याही घरी कुरडई होती. बसा चूप." अन् अकोल्यापर्यंत गाडी तशीच नेली. म्हातारीनं मांडीवरचे मुरमुरे मात्र वाटेत खाऊन टाकले.

पोरीच्या घरी मी स्वयंपाकघरात खाली बसून मडकं उघडलं. थर थर बाजूला केले. एक, दोन, दहा, एकोणीस, वीस. सगळ्या अख्ख्या. विसावी मी वर धरून पोरीला दाखवली, "पाय, पाय कशी!" अन् ती बोटांतून निसटली, फरशीवर पडून फुटली.

मी म्हटलं, "एक शेवई."

पोर हसली अन् हसता हसता खाली बसली. बराच वेळ रडली. मग उठून तिनं एकोणीस कुरडया स्टीलच्या डब्यात ठेवल्या अन् डबा कपाटावर, अगदी भिंतीला लावून ठेवला.

"तळ ना दोन," मी म्हटलं.

"नाई बाबा. या संपल्या म्हंजे संपल्या. मी ठेवते या."

"तुह्या मायनं शोकेससाठी केल्या काय?"

"मले नाई खाववत."

"दोन वर्षांनी अळ्या खातीन. त्यायले खाववते."

"बाबा, तुमी काही बोलू नोका."

अख्ख्या पोचवायच्या म्हणून मी महिनाभर डोकं चालवलं, अन् पोचल्यावर त्या पुन्हा एका डब्यातच गेल्या होत्या. तळलेली कुरडई तिपटीनं फुलते, तेव्हा ती कुरडई होते. त्याआधी ती नुसती वाळलेली वस्तू. पोर जेवली नाही धड. जावयाची माझ्याकडे पाहायची हिंमत झाली नाही, खिरीमुळे असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत मी स्टुलावर चढून डबा काढला. कढईत तेल टाकलं. गॅस मोठा की बारीक, हे जन्मात कोणाला विचारलं नव्हतं, मोठाच ठेवला. पहिली कुरडई टाकल्याबरोबर काळी झाली. ती मी उभ्याउभ्या खाल्ली. गॅस बारीक करून दुसरी टाकली. ती फुलली. ताटलीत ठेवली अन् पोरीला उठवायला गेलो.