पायांची कैची

तेरणाकाठच्या माकणीत बब्रुवान वस्तादाचं नाव होतं, पण ते कुस्त्या मारल्याबद्दल नव्हतं. एक हरल्याबद्दल होतं. नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेत, ऐन तिशीत, त्याची मांडी मोडली. हाड जुळलं, पण गुडघा वाकडा तो वाकडाच राहिला. लोक म्हणाले, संपला गडी. बब्रुवान मुलखाचा हट्टी. दोन वर्षं रोज पहाटे तेल लावून त्यानं तो पाय तसूतसूनं सरळ केला. थोडं लंगडणं राहिलं. पण तो अशा तोऱ्यात लंगडायचा की बघणाऱ्याला वाटावं, सरळ चालणाराच चुकतोय.

त्या दोन वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. अवघडलेल्या मांसाला हिसका दिला की ते म्हशीसारखं पाय रोवून अडतं. हळू ताणून, धरून, नुसतं थांबलं की सोडतं. हे ज्ञान मिळवायला त्याला एक मांडी द्यावी लागली, म्हणून ते तो कुणालाही फुकट शिकवत नसे; शिव्यांसकट शिकवत असे.

फसली तेराशे त्रेपन्नच्या हिवाळ्यात, निजामाच्या अमलदारीतलं शेवटून चौथं-पाचवं वर्ष असेल, गावातल्या महालिंगप्पा या लिंगायत वाण्याची बायको प्रेमाबाई आपल्या लेकीला कडेवर घेऊन तालमीच्या दारात आली. लेक सात वर्षांची. नाव उमा. जन्मली तेव्हा रडलीच नव्हती, निळी पडली होती. सुईणीनं पाठीवर थापट्या मारमारून श्वास आणला. पोर बोलायला चुणचुणीत निघाली, पाय मात्र वेगळेच निघाले. उभी धरली की चवड्यांवर ताठ व्हायची, गुडघे एकमेकांना घासायचे आणि नडग्या एकमेकींवर चढायच्या. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुखणं पायात नाही, जन्मताना डोक्याला बसलेल्या धक्क्यात आहे, आणि त्याला औषध नाही.

बब्रुवाननं पोरीची टाच तळहातावर घेतली आणि हसला. "हिच्या पायांनी एकमेकांनाच कैची घातलीया." कैची म्हणजे दोन पायांत गड्याला आवळून धरायचा डाव. "ती जोरानं सुटत न्हाय, प्रेमाबाई. दमानं सुटती."

तालमीत बाईमाणसाचं पाऊल चालत नसे. तो त्याच्या वस्तादाच्या वस्तादापासूनचा नेम होता. म्हणून बाहेरच्या दगडी ओट्यावर काम सुरू झालं. रोज सकाळी कोमट तेल. मग एका हातात टाच, दुसऱ्यात गुडघा, आणि शंभर आकडे होईपर्यंत हलायचं नाही. आकडे उमाच मोजायची. घरी कानडी चालायची, म्हणून वीसपर्यंत ओंदु, एरडु, मूरु, आणि पुढं एकवीस, बावीस. बलभीम सुतारानं कमरेइतका उंच पांगुळगाडा करून दिला. रांगत्या पोरांचा गाडा सात वर्षांच्या पोरीला, म्हणून गाव हसलं. बब्रुवाननं हसणाऱ्यांच्या मातोश्रींची विचारपूस केली आणि हसू थांबलं.

उन्हाळा सरला तोवर उमा गाड्याला धरून चार पावलं टाकू लागली होती. पण चवड्यांवरच. टाच काही भुईला लागेना. कारण बब्रुवानला दिसत होतं: पोर दगडावर पडायला भ्यायची, आणि भ्याली की कैची आवळायची. पायांचीच नाही, छातीचीही. दोनदा पडली तेव्हा तिचा श्वास अडकून ओठ निळे झालेले त्यानं पाहिले होते. मऊ माती होती ती भिंतीपलीकडं, तालमीच्या हौद्यात. पण नेम तो नेम.

तेवढ्यात महालिंगप्पाची आई रुद्रम्मा मध्ये पडली. म्हातारीचं माहेर आळंदकडचं. तिकडं पांगळं पोर ग्रहणात उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरायची रीत होती. ग्रहण सुटलं की पोर चालतं म्हणायचे. गंमत बघा, एरवी हीच रुद्रम्मा ग्रहणात निवांत भाकरी खायची. गळ्यात लिंग असल्यावर कसलं आलंय सुतक, असं शेजारणींना ऐकवायची. पण नातीपुढं तत्त्व कुठवर टिकणार? आषाढी अमावास्येला सकाळच्या प्रहरी ग्रहण लागणार होतं आणि तिनं ठरवून टाकलं होतं.

बब्रुवाननं विचारलं, माहेरी किती पोरं पुरलेली पाहिलीत? तीन, म्हातारी म्हणाली, त्यातलं एक चालायला लागलं. बाकीच्या दोघांचं काय झालं, यावर ती उठून आत गेली.

भ्याल्यावर जिची छाती आवळते ती पोर, ओल्या शेणमातीत गळ्यापर्यंत, वर अंधारलेलं आभाळ. तिला श्वास घेता येणार नाही, हे बब्रुवानला लख्ख कळत होतं. त्यानं महालिंगप्पाला गाठलं. तो बिचारा आई आणि बायको यांच्यात अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडला होता. अखेर त्यानं तोड काढली: अमावास्येच्या आत उमानं टाच टेकवून दहा पावलं टाकली तर पुरायचं नाही.

मग बब्रुवाननं तीच चूक केली जी तो जन्मभर इतरांना करू देत नव्हता. त्यानं घाई केली. शंभराचे दोनशे केले, आवाज चढवला, पाय ताणताना दात-ओठ खाल्ले. पोर त्याला भिऊ लागली. कैची आणखी आवळली. अमावास्येच्या आदल्या दिवशी, महालिंगप्पा समोर उभा असताना, उमा दुसऱ्याच पावलाला कोसळली आणि गाडा तिच्या अंगावर आला. प्रेमाबाई पोरीला उचलून घेऊन गेली.

पाऊस रात्रभर कोसळला. सकाळी बब्रुवान वाण्याच्या परसात पोचला तेव्हा उकिरड्यातला खड्डा काळ्या पाण्यानं निम्मा भरला होता. माणसं घमेल्यांनी पाणी उपसत होती. उमा आईच्या मांडीवर ताठ पडली होती, मुठी मिटून. ग्रहण लागायला घटकाभर अवकाश होता.

बब्रुवान रुद्रम्मासमोर उकिडवा बसला. त्यानं भांडण काढलं नाही; भांडून म्हातारी आणखी घट्ट झाली असती. तो म्हणाला की धरणीच पाहिजे ना, मग तालमीत चला. वर छप्पर आहे, माती कोरडी आहे, तिच्यात हळद, तेल, गाईचं ताक मुरलंय. मारुतीच्या पायाजवळची जागा, आणि मारुती म्हणजे शिवाचाच अंश. बोलताना त्याचं त्यालाच कळलं की आपण नेम मोडून बसलोय. परसाच्या दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या दोन पठ्ठ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गळ्यापातूर पुरावं लागंल," रुद्रम्मा म्हणाली.

"अव्वा, पाय अधू हायेत, मान न्हाय. जिथं दुखणं तिथंच माती."

म्हातारी काठी टेकत उठली.

हौद्यात खड्डा काढला. उमाला उभी केली आणि कमरेपर्यंत माती लोटली. ऊन पिवळट झालं, मग राखाडी. चिमण्या गप्प झाल्या. गावात कुठंतरी कुत्रं विव्हळलं आणि उमाचे ओठ थरथरले. खांदे वर आले. गळ्यातून बारीक शीळ वाजू लागली. प्रेमाबाई पुढं झाली, तर रुद्रम्मानं काठी आडवी घातली: सुटेपर्यंत बाहेर काढायचं नाही.

बब्रुवान पोटावर पालथा पडला आणि त्यानं दोन्ही हात मातीत खुपसले. खाली पोरीच्या टाचा चांगल्या चार बोटं वर उचललेल्या लागल्या. आता ओढू नकोस, त्यानं स्वतःला दटावलं. त्यानं तळहात टाचांवर नुसते ठेवले. त्याचं तोंड मातीत होतं.

"मोज, माय," तो हळूच म्हणाला. "म्या हाय खाली."

उमाचा आवाज फुटेना. मग फुटला. ओंदु. एरडु. शंभर झाले. पुन्हा ओंदु. तिसऱ्या शंभरात शीळ थांबली. पोरीला कळलं असावं की इथं पडताच येत नाही. चहूबाजूंनी मातीनं धरलंय. पाचव्या शंभरात एक टाच त्याच्या हातातून खाली सरकली. दुसरीला फार वेळ लागला. बाहेर पुन्हा उजेड येऊ लागला तरी तो तसाच पडून होता. हात बधिर झाले होते आणि डोळ्यांतलं पाणी मातीत जिरत होतं.

ग्रहण सुटल्यावर त्यानं हातांनीच माती उकरली आणि उमाला उचलून बाजूला धरलं. खड्ड्याच्या तळाशी दोन पावलं उमटली होती. आजवर तिचं पाऊल म्हणजे नुसती बोटं आणि चवडा. ही पुरी पावलं होती. टाचेसकट.

मग आईच्या हाताला धरून उमा हौद्यातून सहा पावलं चालली, सातव्याला मातीत पडली आणि हसली. ती पडून हसलेली कुणी पाहिलीच नव्हती.

महालिंगप्पा गावभर सांगत सुटला की धरणीनं पाय दिले. बब्रुवानच्या मनात मात्र नवीच धास्ती शिरली. संध्याकाळपर्यंत हे पाय पुन्हा ताठणार, आणि गुण आला म्हणून आता कुणी पोरीला आणणार नाही. आयुष्यात त्यानं डाव पुष्कळ टाकले होते, पण खोटं बोलायची वेळ क्वचित आली होती. तो रुद्रम्माजवळ जाऊन म्हणाला की ग्रहण आभाळातलं सुटलं, पायातलं सुटायला वरीस-दोन वरीस लागतात; तोवर रोज हीच माती पाहिजे.

रुद्रम्मा खड्ड्यातली ती दोन पावलं बघत होती. तिनं मान वर केली नाही.

"वस्ताद, मातीत हात कुनाचा व्हता ते म्या बघितलंय," ती म्हणाली. "उद्या कवा आनू पोरीला?"

बब्रुवाननं तालमीच्या दाराकडं पाहिलं. त्याचे दोघे पठ्ठे तिथं उभे होते, वस्ताद नेमाचं काय करतो ते बघत.

"पहाटं," तो म्हणाला, "पोरांच्या आदी."