खालची तळी घेऊन गेलेली वहिनी

कोपरा फाडलेलं कार्ड आमच्या गावी, बीबीला, माझ्या हाती पडलं, तेव्हा गोदावहिनीला जाऊन तीन दिवस झाले होते. साखरखेर्ड्याच्या लोकांनी माझी वाट पाहिली नाही, अग्नी देऊन मोकळे झाले. त्याला आता दीड महिना होत आला, तरी कोणी ना कोणी ओट्यावर येऊन बसतं, उसासा सोडतं आणि म्हणतं, "बिचारी... सारा जन्म परगावात एकटी राह्यली." मी गरम डोक्याचा माणूस. परवा एकाला चहा अर्धा असतानाच उठवला. बिचारी? अहो, त्या बाईनं मला हरवलंय. मी तिचा दीर, घरचा कर्ता, आणि सगळ्या भावकीदेखत हरवलंय. तिला बिचारी म्हणायचं, तर मग मला काय म्हणायचं?

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गावच्या शाळेत मास्तर होता. आम्ही वांगी-मिरची लावणारे माळी, त्यात हा एकटाच पाटी-पुस्तकाचा. लग्नानंतर त्यानं बायकोला शिकवलं. वाफ्यात पाणी फिरवता फिरवता ती पाढे म्हणायची आणि मी खदाखदा हसायचो. दादा तापानं गेला, तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. चार महिने रडली, मग त्याची पुस्तकं काढून बसली आणि अकोल्याला जाऊन मास्तरणीची परीक्षा पास होऊन आली. मला वाटलं, हौस होती, फिटली. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर चालायचा, कागद इतके फिरत यायचे की अर्ज करणारा विसरून जायचा. पण वहिनीच्या नोकरीच्या अर्जाचा कागद आला. साखरखेर्ड्याला मुलींची शाळा निघते आहे, पंधरा दिवसांत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला देऊ.

भावकी बसली. "एकटी बाई परक्या गावात राहीन कशी, लोक काय म्हणतीन," हे सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच बोललो. आता खरं सांगतो, इज्जत नुसती तोंडी लावायला होती. मिरचीचं रोप तिच्या हाताला जसं धरायचं तसं आमच्यात कोणाच्याच हाताला धरत नव्हतं. ती गेली की बाग बसणार, हे मला धडधडीत दिसत होतं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "भाऊजी, परवा मले गाडी लागते. तुमी देत नसान तं दुसऱ्याची पाहीन."

आमच्याकडे बाई चार दिवसांसाठी निघाली तर गाठोडं घेऊन जाते. जातं हललं की समजायचं, चूल वेगळी झाली. भावाभावांची वाटणीसुद्धा जातं उचललं म्हणजे पक्की. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या तिले, पण जातं इथंच राहू द्या. महिनाभरात वापस येते." वहिनी म्हणाली, "जातं माह्या माहेरचं हाय. मी घेऊनच जाईन. घर मांडाले चालली मी." त्यावर मी जे केलं, ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. निघायच्या दिवशी ती विहिरीवर गेली तेवढ्यात मी जात्याची वरची तळी उचलली आणि कडब्याच्या गंजीखाली दडवली. अर्धं जातं घेऊन कोणती बाई घर मांडते, असं मला वाटलं... काय अक्कल म्हणायची! ती आली, जात्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. विचारलंसुद्धा नाही. खालची तळी पोटाशी धरून उचलली, शेजाऱ्याच्या गाडीत ठेवली आणि वर चढून बसली.

साखरखेर्ड्यात तिला कोणी खोली देईना. शेवटी बांगड्या विकणाऱ्या रुकय्याबीनं आपल्या घरातली पुढची खोली दिली. "मैं बी अकेली, तू बी अकेली. देखते कौन क्या करता," असं म्हणाली म्हणे. वहिनी रुकय्याबीच्या जात्यावर दळते, ही बातमी आठवड्यात बीबीला पोचली आणि भावकी पेटली. तिला घेऊनच ये म्हणून मला धाडलं. मलाही तेच पाहिजे होतं.

शाळा म्हणजे एक पडवी आणि अकरा पोरी. मी दारातूनच ओरडलो, "वहिनी, चला घरी! लय झालं तुमचं." पोरी एकमेकींना चिकटल्या. वहिनी खडूचे हात पदराला पुसत बाहेर आली.

"भाऊजी, वरची तळी आणली का?"

"कोणची तळी?"

"कडब्याच्या गंजीखालची."

मी म्हणालो, "माहीत होतं, तं मांगितली काऊन नाही?"

"मांगितली असती तं तुमी अट घातली असती. अन् मी हो म्हटलं असतं, भाऊजी. तवा माह्यात दम नव्हता. आता हाय. पाणी प्या अन् निघा."

पुढच्या बाजाराला मी ती तळी गाडीत घालून नेऊन दिली. भावकीनं माझं नाव टाकलं, टाकू दे. बाग दोन वर्षं बसली, तीही मीच उभी केली. वहिनीनं आभारबिभार मानले नाहीत, आणि मानायचे तरी कशाचे? पुढं तिला बुलढाण्याच्या मोठ्या शाळेवर बढती आली, तर म्हणाली, माझं गाव हे आहे. तेव्हाही तिनं कोणाला विचारलं नाही. मी तर सल्ला द्यायलाही गेलो नाही, तेवढं शहाणपण आलं होतं.

तेराव्याला आम्ही बीबीहून दोन गाड्या भरून गेलो. तिची ती खोली उघडीच होती. रोज संध्याकाळी तिथं पोरी पाढे म्हणायला बसायच्या, त्या अजून बसतात, असं कळलं. सगळा खर्च गावानं केलेला, स्वयंपाकाला तिच्याच हाताखालून गेलेल्या बाया. मी कर्त्यासारखा चुलाण्याजवळ उभा राहून हे आणा, ते वाढा असं सुरू केलं. तेव्हा केस पिकायला लागलेली एक बाई पदर खोचत माझ्यापुढं आली आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, तुमी बसून घ्या. पयली पंगत पाहुण्यांची हाय. आमी घरचे मागून बसू." आमच्यातला एकजण तणतणत उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवला, आणि पहिल्या पंगतीत जेवलो.