साखरपुड्याच्या दिवशीची टेस्ट

बारावीनंतरच्या नीटमध्ये माझे मार्क एमबीबीएसला पुरले नाहीत. मैत्रिणी मिळेल त्या कॉलेजात निघून गेल्या आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासच्या रिपीटर बॅचमध्ये जाऊन बसले. फीचा आकडा ऐकून आईनं सरांना तो दोनदा विचारला होता. मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली एफडी बाबांनी मोडली. ताई म्हणाली, "मोडा की. मला कुठं लगेच जायचंय?" ती हसली, म्हणून आम्हीही हसलो.

फी भरल्यावर क्लासनं पालकांना बोलावून घेतलं. वर्षभर घरात टीव्ही नको, पाहुणे नकोत, कार्यक्रम नकोत, असं सरांनी बजावलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून. वरून आलेला आदेश शब्दशः पाळायची त्यांना सवय, आणि एवढे पैसे ओतल्यावर उपदेश तरी वाया कसा घालवायचा? पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर सोडून दोनच खोल्या; त्यांतला हॉल माझा झाला. टेबल भिंतीला लागलं, वर मी वेळापत्रक चिकटवलं, आणि बाकीचे तिघं आतल्या खोलीत सरकले. माझा मोबाईल कपाटात गेला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅसकडे धावायची.

आतून हसण्याचा आवाज यायचा. मी पाणी प्यायला आत गेले की हसणं थांबायचं. "काही हवंय का गं?" आई विचारायची, पाहुण्याला विचारतात तसं. क्लासमध्येही कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसतं एकमेकांच्या मार्कांकडे चोरून बघायचं. कधी कधी दिवसभरात मी फक्त रिक्षावाल्याशी बोललेली असायचे. मला फार एकटं वाटायचं, पण सांगणार कुणाला? सगळे माझ्यासाठीच तर गप्प होते.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दिवसभराची मोठी टेस्ट होती. संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे.

"कशी गेली?"

"बरी." बरी गेली नव्हती.

फरशी नुकतीच पुसलेली होती. स्वयंपाकघरात टोपलीभर सीताफळं होती. "कुणी आणली?" म्हटलं, तर आई ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "बाजारातून."

मी टेबलाशी बसले आणि जाणवलं, टेबल जागेवर नाही. थोडं उजवीकडे सरकलंय. पेन खाली पडलं म्हणून वाकले, तर टेबलाच्या पायाशी कुंकू लावलेल्या अक्षता सांडलेल्या. केरसुणीतून तेवढ्याच सुटल्या होत्या.

आत गेले. ताई घरातल्या साध्या ड्रेसमध्ये होती, पण केसातला गजरा काढायचा राहून गेला होता. एक हात तिनं ओढणीखाली घेतला.

"झाला साखरपुडा?"

ताईनं मान हलवली. बोलली आई. "दौलताबादची माणसं आहेत. मुलगा लई चांगला आहे गं. त्याची रजा संपत होती, म्हणून घाई केली त्यांनी. तुला सांगितलं असतं तर पेपरात ध्यान लागलं असतं का तुझं?"

"ताईच्या पाठीशी कोण उभं होतं?"

लहानपणी भातुकलीतल्या लग्नातसुद्धा ती जागा माझी असायची.  बाबा म्हणाले, "शेजारची पोरगी होती."

मला रडू आलं नाही, संताप आला. "मला विचारून फी भरली होती का?" असं मी ओरडले. विचारूनच भरली होती. मी हॉलमध्ये येऊन पुस्तक उघडलं आणि आत सगळे पुन्हा हळू आवाजात बोलायला लागले, मला त्रास होऊ नये म्हणून.

पुढे परीक्षा झाली. लग्नात करवली मीच होते. दुसऱ्या गावच्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली, पेढे वाटले गेले. हॉस्टेलला निघायच्या आदल्या दिवशी ताई माहेरी आली आणि तिनं त्या रविवारचे फोटो पहिल्यांदा मला दाखवले. इतके दिवस मी ते बघायला नकारच दिला होता.

एका फोटोत ताईची ओटी भरताहेत. मागे माझं टेबल, त्यावर आईची जुनी पैठणी अंथरलेली आणि साखरेचं ताट. त्याच्या वर भिंतीवर माझं वेळापत्रक. चिकटपट्टी सुटून एक कोपरा लोंबतोय. त्यात माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, लाल पेनानं, "रविवार, मोठी टेस्ट".

"हा कागद तरी काढायचा ना," मी म्हणाले. "सगळा फोटो घाण झाला."

"आई काढतच होती. मी नाही काढू दिला." ताईनं फोटोवरून बोट फिरवलं. "घरभर त्यांच्याकडची माणसं होती गं. म्हटलं, तुझं अक्षर तरी असू दे पाठीशी."